धरणीचा धर

दगड हातभर आणि वर चार बोटं लांब होता. औसा तालुक्यातल्या एका गावात पडक्या गोठ्याची भिंत पुन्हा रचायचं काम चाललं होतं. दगड जुनाच, माती जुनीच, मजुरी तेवढी आजच्या भावाची. मिस्त्रींनी तो दगड उचलून भिंतीवर आडवा धरून पाहिला. भिंतीची जाडी भरून तो पलीकडे चार बोटं बाहेर येत होता. त्यांनी तो खाली ठेवला, पायानं जरा फिरवला, शीर बघितली आणि हातोड्याच्या तिसऱ्या घावाला मधोमध फोडला. दोन्ही तुकड्यांना ताजी, निळसर काळी, सपाट तोंडं आली. एक तुकडा बाहेरच्या अंगाला बसला, एक आतल्या. मधल्या पोकळीत चार कपच्या आणि थापीभर चिखल. "असला लांबडा बसत नाई सायेब," मिस्त्री म्हणाले, "फोडला की दोन तोंडं मिळतेत." त्यांच्या बाजूनं हिशेब चोख होता. टंचाई दर्शनी दगडाचीच असते. भिंतीच्या पोटात काय घातलंय ते कोण बघतो? ओळंबा लावला तर भिंत अगदी सुतात होती. तरी तो तिसरा घाव कानातून जाईना. किल्लारी याच तालुक्यात आहे.

ज्यांनी १९९३ सालच्या भूकंपानंतर ढिगारे उपसले, त्यांना किल्लारीची भिंत आतून कशी होती हे सांगावं लागत नाही. बाहेरून ती एक भिंत दिसे, प्रत्यक्षात त्या दोन होत्या. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मधे भर: गोटे, कपच्या, माती, कधी जुन्या घराची खापरं. जाडी दोन फुटांपासून तीन-चार फुटांपर्यंत. अशा भिंतीच्या आडोशाला वाढलेल्या माणसाला ती पडेल हे पटणं अवघडच होतं. वैशाखात बाहेर डांबर पाघळत असताना आत भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यातून गारवा लागायचा. कोनाडा भिंतीत, देवळी भिंतीत, खुंटी भिंतीत, धान्याचं बळदही भिंतीतच. निम्मा संसार भिंतीच्या पोटात. पण दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड शोधायला गेलं तर क्वचित सापडायचा, कारण पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्रींनी तो याच हिशेबानं फोडलेला असायचा. एकाची दोन तोंडं होतात.

जमीन आडवी हलली की अशा भिंतीचं काय होतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. चिखल दाब सोसतो, ओढ सोसत नाही. वजन सरळ खाली उतरतंय तोवर शंभर वर्षंही तो दगडांना जागेवर ठेवील. पहिल्या हिसक्याला दोन्ही पदर आपापल्या लयीत हलतात आणि मधे केसाएवढी फट पडते. त्या फटीत वरची भर घसरून बसते. पदर परत जवळ यायला बघतात तर जागा भरलेली. पुढच्या हिसक्याला फट आणखी रुंद, भर आणखी खाली. लाकूड फोडताना पाचर ठोकत नेतात तसंच, फक्त इथं पाचर भिंतीनं स्वतःच बाळगलेली. भिंत पोट काढते. बाहेरच्या पदराला टेकायला काही नसतं, तो अंगणात कोसळतो. आतला पदर घरात, झोपलेल्यांवर. कोपऱ्यात आणखी घोळ. खरं तर दोन भिंती कोपऱ्यात गुंफत न्यायच्या असतात, एका थराला हिचा दगड लांब, पुढच्या थराला तिचा. पण एक भिंत आधी उभी करायची आणि दुसरी तिला नुसती आणून भिडवायची, ही सोपी रीत बऱ्याच ठिकाणी पडली होती. मग कोपऱ्यात वरून उभी चीर जाते आणि चारही भिंती एकेकट्या उरतात. एकेकटी भिंत तिच्या लांबीच्या दिशेनं आलेला हिसका कशीबशी सोसते. पोटावर-पाठीवर आलेला तिला सोसत नाही.

जाडीनं वजन वाढलं होतं, धर वाढला नव्हता.

वजन डोक्यावरही होतं. तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा किलचा, त्यावर पाला आणि त्यावर माती, असं ते माळवद. माती कुठलीही नाही, पांढरी. गावच्या गढीची, पाणी आत न घेणारी. दर वर्षी मृगाच्या आधी बाया-माणसं पाट्या घेऊन शिडीनं वर चढायची, गेल्या पावसात जिथं गळलं तिथं नवी पांढरी पसरून धुम्मसानं चोपायची. जुना थर कोण काढतो? काढायला घेतला की फळ्या उघड्या पडतात, आणि तेवढ्यात वळीव आला तर घरभर चिखल. म्हणून वरच्यावर. बोटभर या वर्षी, बोटभर पुढच्या वर्षी. बांधताना वीतभर असलेलं माळवद नातवाच्या काळात दीड-दोन फुटांचं झालेलं असायचं. हिशेब करून पाहा. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर दीड फूट माती म्हणजे ५ घनमीटर. घनमीटरला १,६००-१,७०० किलो धरले तरी आठ टनांच्या वर. एका खोलीच्या डोक्यावर एक भरलेला ट्रक. आणि तारीख ३० सप्टेंबर, पावसाळा सरत आलेला, म्हणजे माती ओली. जमिनीच्या हिसक्यात भिंतीला जो मार बसतो तो तिच्यावर जेवढं वजन तेवढ्या प्रमाणात बसतो. घर गळू नये म्हणून मायेनं टाकलेली एकेक पाटी त्या पहाटेच्या खात्यावर जमा होत गेली होती. यात कुणाची चूक शोधायची तेच कळत नाही. प्रत्येक पाटी त्या त्या वर्षापुरती बरोबरच होती.

त्याच गावांत काही घरांची माळवदं मात्र वरच राहिली. भिंती गेल्या, छप्पर खांबांवर तसंच. ही खणाची घरं. यांच्यात माळवदाचा भार भिंतीवर नसतो. खांब, त्यांवर तुळया, सांध्यात कुसू आणि खाच, वर लाकडी पाचर. लाकूड वाकतं, सांधा करकरतो, ढिला होतो, पण एकदम सुटत नाही. भिंत म्हणजे नुसता आडोसा. ती पडल्यानं माणूस जखमी होतो, पण डोक्यावरचे आठ टन डोक्यावरच राहतात. अर्थात सगळीच खणाची घरं तगली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. खांब भिंतीत बुजवलेला असला की त्याला ओल लागते, मग वाळवी. बाहेरून सागवान आणि आत भुसा. शिवाय लाकूड महाग होत गेलं तसे खांब कमी होत गेले. तुळईचं टोक सरळ भिंतीत खुपसून द्यायची सोय निघाली. तिथून पुढे सगळा भार त्या दोन पदरांवर.

हे झालं जमिनीच्या वरचं. खाली का हललं, याचं उत्तर लोकांना एका वाक्यात हवं असतं. आत लाव्हा उकळतोय असं सांगणारे आजही भेटतात. आपल्या पायाखालचा लाव्हा गार होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. किल्लारीजवळ भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी भोक पाडलं तेव्हा काळ्या पाषाणाचे थर सुमारे ३४० मीटरांवर संपले. त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा तळखडक. भूकंपाची चीर त्या तळखडकात, पृष्ठभागापासून दहा किलोमीटरांच्या आतच सरकली. भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे जातं, हिमालयाशी अडतं, आणि ती दाटण मागे पार दख्खनपर्यंत पोचते. तळखडकात जुन्या चिरा आहेत. त्या हजारो वर्षं नुसत्या घर्षणानं धरून असतात, आणि त्यातली एखादी एका रात्री सुटते. दोन सुटण्यांमधलं अंतर गावाच्या आठवणीत मावणारं नसतं. भूकंपाच्या नकाशावर किल्लारी म्हणूनच सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात बसली होती. नकाशा तोकडा होता, कारण आठवणच तोकडी होती. २००२ साली पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. ते आले आणि थांबले. लहान धक्के ही मोठ्याची वर्दी असते की नुसतेच लहान धक्के, हे तेव्हा सांगता येत नव्हतं, आणि आज हिंगोलीकडच्या गावांत जमिनीतून गडगड ऐकू येते तेव्हाही सांगता येत नाही. २१ मार्च २०२४ ला तिकडे ४.५ चा धक्का बसला. किल्लारीचा ६.२ होता. आकड्यांत फरक दोनाच्या आतला, पण एक अंक चढला की ऊर्जा बत्तीस पट होते. म्हणजे किल्लारीत सुटलेली ऊर्जा त्याच्या साडेतीनशे पट.

धरण हा लोकांचा दुसरा लाडका उलगडा. कोयनेपुरता तो खराही आहे, पण लोक सांगतात त्या कारणानं नव्हे. बोलण्यात येतं ते वजन: एवढं पाणी साठवलं, जमिनीला सोसवलं नाही. आकडे मांडले की हे टिकत नाही. ८० मीटर खोल पाण्याचा तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार येतो आठ किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच भार असतो चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोंच्या घरात. तेराशेत आठ मिळवले म्हणून काय बिघडणार? बिघडतं ते निराळ्या वाटेनं. चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि त्या दाबामुळेच घसरत नाहीत. चिरेत पाणी उतरलं आणि वरच्या तलावाचा दाब त्या पाण्यातून खाली पोचला, की पाणी दोन्ही बाजूंना आतून बाहेर ढकलू लागतं. दाबून धरणाऱ्या जोरातून तेवढा जोर वजा. पाण्यानं चीर बुळबुळीत होते असं कधी कधी लिहिलेलं आढळतं, ते तितकंसं खरं नाही. तिची मिठी सैल होते. वजावट असते आठ किलोंचीच, पण चीर आधीच सुटायच्या बेतात असेल तर तेवढी पुरते. म्हणून कोयनेच्या धरणानं भूकंप घडवला म्हणण्यापेक्षा चाळवला म्हणणं नेमकं.

कोयना धरणाच्या तलावात, शिवसागरात, १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि पाठोपाठ धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा आला, ६.३ चा. धरणाची उंची १०३ मीटर. पाठीचा उतार जिथं बदलतो तिथं, म्हणजे मानेशी, त्याला दोन्ही अंगांनी आडव्या भेगा गेल्या. धरण राहिलं. पुढे त्याला मागून काँक्रीटचे टेकू देऊन भक्कम केलं. कोयनानगरची घरं मात्र राहिली नाहीत. तेव्हापासून तिथं पाचाच्या वरचे वीसेक धक्के बसले, लहानांची गणतीच नाही, आणि बहुतेक सगळे सुमारे ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात. त्यांना ऋतूही आहे. पावसाळा संपून तलाव भरला की एकदा जोर धरतात, आणि पाणी उतरू लागलं की हिवाळ्यात पुन्हा. तलाव किती भरला एवढंच पाहून भागत नाही. किती वेगानं भरला, आजवरच्या पातळीच्या वर गेला का, आणि वर किती दिवस राहिला, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. या सगळ्याचा माग खडकातच घ्यावा म्हणून कोयनेजवळ गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. तिथं काळा पाषाण सव्वा किलोमीटरपर्यंत पुरला. किल्लारीजवळ माकणीचा तलाव आहे, पण कोयनेपुढे अगदी उथळ. त्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. 'धरणानंच केलं' असं टेबलावर मूठ आपटून सांगणाऱ्याला 'कसं?' एवढंच विचारावं.

हीच वजावट डोंगरातही चालते.

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इरशाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही गावांवर डोंगर कोसळला, आणि तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. डोंगर पहिल्या पावसात येत नाही. महिनाभर वरची माती आणि मुरूम पाणी पीत राहतात. खाली अखंड कातळ, त्यात पाणी सहजी शिरत नाही, म्हणून कातळ आणि मुरूम यांच्या सांध्यावर ते साठून वर चढत जातं. मग दोन-तीन दिवस संततधार लागली की तेच पाणी मुरमाला खालून उचलू लागतं. मुरूम उतारावर टिकलेला असतो तो स्वतःच्या वजनानं कातळावर दाबला गेल्यामुळे. त्या दाबातून पाण्याची वजावट झाली की डोंगर चिखल होऊन उतरतो. रस्त्यासाठी कापलेला पायथा, सपाटीकरण, तोडलेली झाडं, यांचे वाटे ठिकाणागणिक कमीजास्त. झाडं असती तर वाचलो असतो, हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण मुळं बहुतेक मीटर-दोन मीटरच धरतात. त्याखालून सुटणारा डोंगर झाडांसकट येतो. खुणा मात्र आधी दिसतात. माथ्याजवळ चंद्रकोरीसारखी भेग, कललेले विजेचे खांब, काल सहज लागणारं दार आज अडकणं, बारमाही झरा एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं. भेग दिसली तर चिकणमातीनं ठासून बुजवायची, वर ताडपत्री, भेगेच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूच्या ओढ्यात काढून द्यायचं, आणि खालच्या घरांनी पाऊस ओसरेपर्यंत तिथं झोपायचं नाही. चराला ढाळ हवाच. चरात पाणी तुंबलं तर आपणच डोंगराला पाजल्यासारखं होतं. पाणलोटाच्या कामातले समतल चर असल्या उतारावर डोळे झाकून खणू नयेत ते यासाठी. माळरानावरचं औषध इथं विष होतं.

माळरानावर प्रश्न उलटा असतो. तिथं पाणी धरायचं असतं आणि जमीन धरत नाही. गंगेच्या गाळाच्या शंभर घनमीटरांतून दहा-पंधरा घनमीटर पाणी हाताला लागतं. आपल्या मुरमातून आणि फुटक्या कातळातून एक ते तीन. वीस मीटर जाडीचा थर काठोकाठ भरला आणि पार कोरडा होईपर्यंत उपसला, तरी त्या जमिनीवर गुडघाभर पाणी उभं राहील, त्याहून जास्त नाही. त्याखाली पाणी असतं ते फक्त चिरांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात. बोअर दोनशे फुटांवरून आठशेवर नेला की जमिनीत जास्त पाणी तयार होत नाही. पुष्कळदा उलटंच होतं. वरच्या भरलेल्या सांध्यातून भोक आरपार जातं, केसिंग, म्हणजे भोकात आतून बसवलेला पाइप, फक्त वरच्या भुसभुशीत भागाला असते, आणि वरचं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या चिरांत उतरतं. शेजारची विहीर आटली म्हणून ओरड होते ती वेळोवेळी खरी असते.

पाऊस कमी का पडला याला एल निनो आहे, म्हणजे तिकडे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, २०१५ साली तो जबर होता, आणि त्याच्यापुढे लातूरकरांचं काही चालणार नव्हतं. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी आली, त्या गाडीचा हिशेब आकाशात सुटत नाही. पहिल्या खेपेला आलं पाच लाख लिटर. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उसाला हंगामभर लागतं २,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. तसल्या चाळीस गाड्या, एका हेक्टर उसाला. लातूरचं सरासरी पाऊसमान ८०० मिलिमीटरच्या आतबाहेर. उरलेलं कुठून येतं ते बोअरला विचारावं. हे बोललं की शेतकऱ्याला दूषण दिल्यासारखं होतं, तसं नाही. उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना शेतातून उचलून नेतो, तुरीला खळ्यावर काय भाव मिळेल याची शाश्वती नाही. मुलीचं लग्न तोंडावर असलेल्या माणसानं ऊस लावला तर तो वेडा नव्हे. माळवदावरच्या पाटीसारखंच हे. प्रत्येक बोअर त्या त्या वर्षापुरता बरोबर असतो.

किल्लारीनंतर दगड बदनाम झाला. पुनर्वसनाच्या गावांत नवी घरं मिळाली, भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फुटांचं, मधल्याला चारशेचं, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचं. आणि आसपासच्या गावांत ज्याला परवडलं त्यानं स्लॅब टाकला. स्लॅब म्हणजे निर्धास्त, हा नवा विश्वास जुन्या जाड भिंतीवरच्या विश्वासासारखाच आहे. २००१ साली भूज हललं आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत गाड्या लावायला खालचा मजला मोकळा सोडलेल्या इमारती बसल्या. काँक्रीटच्या खांबात उभ्या सळयांना धरून ठेवते ती रिंग. तिचा हूक आत १३५ अंशांत वळवून टोक खांबाच्या गाभ्यात तीन इंच रुतवायचं असतं, आणि बीमच्या सांध्याजवळ दोन रिंगांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नसतं. फिटर ती काटकोनात वळवून मोकळा होतो, कारण तशी ती भराभर बसते आणि काँक्रीट ओतल्यावर कुणाला दिसत नाही. हिसक्यात बाहेरचं कवच झडलं की काटकोनी हूक उघडतो, सळया बाहेर फुगतात आणि खांब पोट काढतो. दगडाच्या भिंतीनं काढलं होतं तसंच. दगडात दोष नव्हता हे अजून लोकांना पटत नाही. दीड फुटापेक्षा जास्त जाड न केलेली, कोपरे गुंफलेली, आरपार दगड घातलेली, चौकटीच्या वर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा असलेली दगडी भिंत चांगली उभी राहते. सिमेंटच्या कामात हा पट्टा तीन इंच जाड, त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया, दर सहा इंचांना ६ मिलिमीटरची कडी. कोपऱ्यात सळई संपवायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत दोन फूट न्यायची. मातीच्या कामात लाकडाचाही पट्टा चालतो, दोन समांतर वासे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, भिंतीवर आडवी निजवलेली शिडीच.

गोठ्याची भिंत पाच मीटर लांब होती, आठ फूट उंच जायची होती. आरपार दगडाचा हिशेब सोपा: उंचीत दर दोन फुटांना एक ओळ, ओळीत दर चार फुटांना एक दगड, आणि वरच्या ओळीतला दगड खालच्या दोहोंच्या मधोमध यावा. तीन ओळी, ओळीत चार. मिस्त्रींनी बारा हा आकडा ऐकला आणि ढिगाकडे पाहिलं. लांबडे दगड सात निघाले. बाकीचे सकाळपासून फोडून झाले होते. उरलेल्या पाच जागी भिंतीत आरपार तीन इंचांची पोकळी ठेवायची ठरली, तिच्यात दोन्ही टोकं वळवलेली ८ मिलिमीटरची सळई आणि सभोवती एक-दोन-चारचं काँक्रीट, दहा दिवस ओलं ठेवून. जुन्या उभ्या भिंतीतही हेच करता येतं; तिथं दगड पहारीनं हळूहळू कोरून काढायचे, घण घातला तर भोक पडायच्या आधी भिंत पडते. मालकाकडे संडासाच्या कामातून उरलेलं अर्धं पोतं सिमेंट होतं. बोटानं चुरडत नव्हते ते गठ्ठे चाळून टाकल्यावर कामापुरतं उरलं.

सात दगड बसले. चार-चार बोटं बाहेर आलेली त्यांची टोकं मिस्त्रींना शेवटपर्यंत पसंत पडली नाहीत. "ह्ये नाकाडं कशाला ठेवायलेत भायेर," म्हणत त्यांनी दोनदा हातोडा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. संध्याकाळी धारांच्या वेळेला पाहिलं तर एकाला दावं अडकवलेलं होतं, दुसऱ्याला चरवी.